गूळपारखी मामांची शुगर

शुगर झाली की माणसं घाबरतात, चिडतात, चार लोकांपासून लपवतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी पहाटे उठून कारल्याचा रस प्यायला लागतात. पण आपल्याला शुगर झाल्याचं कळल्यावर डोंगरात नवं देवस्थान सापडावं तसा हरखून गेलेला माणूस उभ्या पृथ्वीवर एकच निपजला, आणि माझं भाग्य असं की तो माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. मीही त्यांना मामाच म्हणतो. ते मला ‘पावणं’ म्हणतात. लग्नाला बावीस वर्षं झाली, माझे केस गेले, पोट आलं, तरी त्यांच्या लेखी मी काल मांडवातून उठून आलेला पावणाच आहे. डॉक्टर ज्याला जन्माचा सोबती म्हणतात त्या आजाराकडे मामा जितक्या आदराने बघतात, तितका आदर त्यांनी मला कधी दाखवलेला नाही. आणि खरं सांगायचं तर त्यात त्यांचं काही चुकतं असं मलाही वाटत नाही.

मामा मार्केट यार्डात एका व्यापाऱ्याच्या पेढीवर गुळाचे पारखी होते. पारखी ही पदवी कुठल्या शाळेत मिळत नाही. समोर गुळाच्या ढेपा रचलेल्या असत. मामा अंगठ्याने कड दाबत, एक कपची मोडत, नाकाशी नेत, मग जिभेवर ठेवून डोळे मिटत, आणि सगळी वखार श्वास रोखून उभी राही. डोळे उघडून ते सांगत, “ह्यो ऊस नदीकाठचा न्हवं, माळाचा हाय. आन् पाक उतरवणारा गडबडीत हुता.” एकदा मुरगूडकडच्या एका शेतकऱ्याने पैज लावून त्यांच्या डोळ्यांवर पंचा बांधला. मामांनी पाच ढेपा चाखून पाचही गावं बरोबर सांगितली आणि सहावी चाखून म्हणाले, “ही पैलीच हाय. मला बनवालायस व्हय रं?” अशी जीभ चाळीस वर्षं रोज सकाळपासून गुळात बुडालेली होती.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मामांचं तंत्र बिघडलं. ऐन सौद्यात बोली चढत असताना ते उठून बाहेर पळायला लागले. एकदा, दोनदा, पाचदा. वखारीतला माठ दुपारच्या आत रिकामा व्हायला लागला. भूक दुप्पट झाली आणि अंग निम्मं. मामींनी त्यांचे सदरे तीनदा आत घेतले आणि चौथ्यांदा सुई बाजूला ठेवून विचारलं, “तुमास्नी कसलं दुःख हाय ते एकदा सांगा तरी.” दुःख काहीच नव्हतं. शेवटी मामींनी त्यांना दंडाला धरून दवाखान्यात नेलं, आणि मोठे शब्द समजून घ्यायला म्हणून मला बरोबर घेतलं.

डॉक्टरीण वयाने माझ्या भाचीएवढी होती. तिने रिपोर्ट बघितला, कागदावर पोटाचं चित्र काढलं आणि सांगितलं, की जठराच्या मागे तळहाताएवढं लांब एक स्वादुपिंड असतं. आपण जेवलो की ते इन्सुलिन सोडतं, आणि त्या किल्लीने पेशींची दारं उघडून रक्तातली साखर आत जाते.

मामा खुर्चीच्या टोकावर आले. “आपण जेवलोय हे त्येला कोण सांगतंय?”

“कुणी सांगावं लागत नाही. त्याचं त्याला कळतं.”

“आन् माझं काय झालंय?”

“तुमच्या कुलपांना गंज चढलाय. किल्ली लवकर लागत नाही. म्हणून ते बिचारं जास्त जास्त किल्ल्या करत बसलं, आणि आता दमत चाललंय. ह्याला टाइप टू म्हणतात. बहुतेकांना होतो तो हाच.”

मामांनी तो चित्राचा कागद पुढे ओढून नीट पाहिला. मग त्यांनी पोटावर हात ठेवला. “अठ्ठावन्न वर्षं राबलं बिचारं. आन् मी एकदा त्येचं नाव बी घेतलं न्हाई.” एवढं बोलून ते आपल्याच पोटाकडे वाकले आणि त्यांनी दोन्ही हात जोडले. डॉक्टरणीने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

मामांना एकाच गोष्टीचं वाईट वाटलं. डॉक्टरीण म्हणाली होती, की आईकडून आलेला वारसा, सुटलेलं पोट, दिवसभर गादीवर बसणं, अशी पुष्कळ कारणं असतात. एकट्या गुळाला दोष देऊ नका. घरी येताना रिक्षात मामा धुमसत होते. “एकट्या गुळाला न्हाई म्हंजे? चाळीस वर्षं खाल्लाय! गुळाला कमी लेखलं ओ तिनं.”

पण गुळावर एवढं प्रेम असलेल्या या माणसाने पुढच्याच आठवड्यात गुळाच्या बाजारात जे केलं, ते करायला वाघाचं काळीज लागतं. एक गिऱ्हाईक पेढीवर येऊन म्हणालं, “शुगर हाय, म्हणून साखर सोडली, आता गूळच खातो.” व्यापारी खूश होऊन म्हणाला, “गूळ काय, चालतोय की.” त्यावर मामा भर पेढीवर गरजले, “न्हाई चालत! जिभेला येगळा लागतोय, रक्तात गेल्यावर दोघं सारखंच. आमचा गूळ जगात भारी हाय, पर तुमी न्हेऊ नका.” गिऱ्हाईक गेलं. व्यापारी दोन दिवस मामांशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने हळूच आपला हात पुढे केला आणि म्हणाला, “माझी बघा की जरा.”

कारण तोवर मामांनी शुगर तपासायचं यंत्र घेतलं होतं. ते यंत्र, पट्ट्या आणि सुया त्यांनी मामींच्या जुन्या पानाच्या डब्यात बसवल्या, आणि पूर्वी जसं पान पुढे करावं तसा तो डबा ते समोरच्यापुढे करायला लागले. “एक थेंब द्या की, पावणं.” बारशात, बाराव्याला, बस स्टँडवर, न्हाव्याच्या दुकानात. प्रत्येकाला नवी सुई, याबाबतीत मात्र सोवळ्यापेक्षा कडक. सुरुवातीला माणसं पळायची. पण एकेकाचा आकडा बघून पळणारी माणसं आपण होऊन परत यायला लागली. ज्यांना काही होत नाही, जे ठणठणीत आहेत, जे सकाळी तालमीत जाऊन येतात, अशा कितीतरी जणांची शुगर चढलेली निघाली. मामा त्यांना हाताला धरून दवाखान्यात पोचवत, आणि घरी आले की थक्क होऊन बसत. एके दिवशी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर आमच्या गल्लीचा नकाशा काढला आणि ज्या घरात शुगर सापडली त्या घरावर मामींच्या पाकिटातली लाल टिकली लावली. सगळ्यात पहिली आणि सगळ्यात मोठी टिकली स्वतःच्या घरावर. महिन्याभरात मामींची तीन पाकिटं संपली. “बघा पावणं,” मामा नकाशापुढे उभे राहून हलक्या आवाजात म्हणाले, “सगळी गल्ली सवाष्ण झालीया. आन् निम्म्यांना म्हाईत न्हवतं.” त्या दिवशी माझ्याही बोटाला सुई लागली. आकडा बघून त्यांनी भुवया उंचावल्या. “निपाणी न्हाई आली अजून. पर कागल गाठलंयसा. हितनंच मागं फिरा.” कागल राज्याच्या हद्दीअलीकडे, निपाणी पलीकडे. हद्द ओलांडायच्या आत परतायचं, एवढं मला कळलं. तेव्हापासून मी रोज रंकाळा तळ्याला चक्कर मारतो.

दोन वर्षं असा उत्सव चालला. मग मामांच्या पायाची गोष्ट घडली.

ऊसतोडीच्या दिवसांत मामा एका ओळखीच्या गुऱ्हाळावर गेले होते. मी बरोबर होतो. काहिलीत रस उकळत होता, खाली चुलाण धगधगत होतं, आणि मामा चपला काढून काहिलीजवळ उभे राहून पाक कसा ओळखावा यावर बोलत होते. बोलता बोलता शेजारचा गडी नाक वर करून म्हणाला, “कायतर जळालंय.” सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मामांनीही पाहिलं. मग तो गडी ओरडला, “मामा, तुमचा पाय!” चुलाणातून उडालेला निखारा मामांच्या टाचेखाली होता. त्यांनी पाय उचलला, निखारा झटकला, ढेपांवर टाकायच्या बारदानावर बसून तळवा वर केला आणि बघत राहिले. टाच पोळून पांढरी पडली होती. मी पाणी आणायला धावलो. परत आलो तेव्हा हा सहा फुटी माणूस रडत होता.

“लय दुखतंय काय, मामा?”

त्यांनी मान हलवली. “न्हाई ओ. दुखत न्हाई. म्हणून तर रडालोय. निखाऱ्यावर पाय हुता, आन् मला ठावं न्हाई.”

ती जखम भरायला तीन महिने लागले. डॉक्टरणीने सांगितलं, की रक्तात साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की नसा बधिर होतात. पायाला लागलेलं कळत नाही, जखम चिघळते, आणि कित्येकांचा पायच जातो. मूत्रपिंडं, हृदय, डोळे, सगळीकडे हाच प्रकार. मुकाट्याने. मामा तीन महिने पाय उशीवर ठेवून घरात बसले आणि नेहमीसारखे बोलेनात. गावजेवणाला पाहुणा म्हणून आलेला कुणी घराची तुळई कापत बसलाय हे कळावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता. आदर गेला नव्हता. त्यात भीती मिसळली होती. मला तर वाटतं, आजार त्यांना पहिल्यांदा खरा कळला तो त्या बारदानावर.

पाय बरा झाला आणि घरात लग्न निघालं. मामांचा धाकटा मुलगा संदीप इचलकरंजीला एका सूतगिरणीत हिशेबनीस आहे. तिथल्याच एका यंत्रमाग कारखान्यात काम करणाऱ्या गृहस्थांची मुलगी, अश्विनी, सगळ्यांना पसंत पडली. सुपारी फुटली, पत्रिका छापायला गेली. आणि लग्नाला महिना उरला असताना कुणीतरी बातमी आणली, की मुलगी रोज पोटात इन्सुलिन टोचून घेते. लहानपणापासून.

संदीपला हे पहिल्या भेटीतच अश्विनीने सांगितलं होतं. त्याने घरी सांगितलं नव्हतं, एवढाच त्याचा गुन्हा. मामी ओट्याला टेकून म्हणाल्या, “एक शुगरवाला पदरात हाय, त्यो पुरं न्हाई झाला व्हय?” मामांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांनी तर लग्न मोडल्याचा निरोप धाडायला माणूसही बघून ठेवला. पण निरोप जायच्या आत रविवारी सकाळी अश्विनीचे वडील स्वतःच आले, आणि त्यांच्याबरोबर अश्विनीही आली. बैठकीला मुलीने येणं दादांना आवडलं नाही. ते सोप्यात बसल्या बसल्या म्हणाले, “ल्हानपणी गोडधोड लय खाऊ घातलंसा वाटतं पोरीला.”

अश्विनीचे वडील खाली बघत राहिले. अश्विनी म्हणाली, “मी कुणाला फसवलेलं नाही. लग्न मोडायचं असेल तर आत्ता मोडा. पण गोड खाऊन झालं असं म्हणू नका. ते खरं नाही.”

तोवर कोपऱ्यात बसलेले मामा उठले.

“दादा, गोड मी खाल्लंय,” ते म्हणाले. “मला बोला काय बोलायचं ते. माझं स्वादुपिंड दमलंय. हिचं ठार बंद हाय. ल्हानपणीच अंगातल्या शिपायांनी चोर समजून त्येला मारलं. त्यात ह्या पोरीचा काय दोष? ना हिच्या आईचा, ना बापाचा. हिची शुगर आन् माझी शुगर नावाला भावकी. बाकी गाव येगळं, शीव येगळी.” मग ते अश्विनीकडे वळले. “पोरी, दिवसाला कितींदा टोचतीस?”

“चार वेळा. शिवाय तपासायला बोटाला वेगळं.”

“किती वर्षं?”

“चौथीत होते तेव्हापासून. पंधरा वर्षं झाली.”

“एखाद दिशी ऱ्हायलं तर?”

“राहून चालत नाही, मामा. मला गोळी चालत नाही. ते नसेल तर मी नसते.”

गल्लीचा नकाशा काढणारा, गावभर डबा घेऊन फिरणारा हा माणूस तिच्या बोटांकडे बघत राहिला. स्वादुपिंड अख्खं आयुष्य जे काम कुणाला न सांगता करतं, ते काम चौथीतल्या मुलीने हातात घेऊन पंधरा वर्षं चालवलं, शाळा केली, कॉलेज केलं, आणि ती ताठ मानेने समोर उभी होती. शेवटी त्यांनी पोटाला केला होता तसा दोन्ही हात जोडून तिला नमस्कार केला. दादा दचकून म्हणाले, “आरं, सुनंला नमस्कार करतोस व्हय?” मामा म्हणाले, “सून म्हणालासा न्हवं? मग बैठक संपली.”

पण घर एकट्या सासऱ्याचं नसतं. मामींनी अश्विनीला चहाला आत नेलं. आत काय झालं ते मला बायकोने सांगितलं. नाश्त्याची वेळ झाली होती. अश्विनीने ताटातल्या पोह्यांकडे बघून अंदाज घेतला, बाजूला वळून सुई टोचली आणि पदर सारखा केला. मामी बघत होत्या. “दुखतंय काय गं?” “सवय झाली, मामी.” मामी थोडा वेळ चहा ढवळत राहिल्या. “सवय झाली म्हंजे दुखतंय की,” त्या म्हणाल्या, आणि बाहेर येऊन सगळ्या पुरुषांना ऐकवलं, “मी सांगतो, तारीख बदलायची न्हाई.”

लग्नातही मामांनी आपला इंगा दाखवलाच. बोहल्यावर अंतरपाट धरला, भटजींनी सूर लावला, आणि मामांना सुनेच्या कपाळावरचा घाम दिसला. सकाळपासूनच्या विधींत तिचं खाणं राहिलं होतं आणि साखर खाली आली होती. “थांबा!” मामा गरजले. मंगलाष्टकं थांबली. भटजी म्हणाले, “मुहूर्त टळेल.” मामा म्हणाले, “टळूंदे. मुहूर्त म्हंजे बैल हाय व्हय, सुटून जायाला?” त्यांनी तिला साखरेचं पाणी पाजलं, पाव तास खुर्चीवर बसवलं, पुन्हा बोट तपासलं, आकडा मोठ्याने मांडवाला वाचून दाखवला आणि मग भटजींना म्हणाले, “आता म्हणा, सावकाश.” पाहुण्यांनी आकड्यालाच टाळ्या वाजवल्या.

त्याला आता तीन वर्षं झाली. अश्विनीला दिवस राहिले तेव्हा डॉक्टरांनी डोळ्यांत तेल घालून जपायला सांगितलं. तिने दिवसाला सात-सात वेळा बोट टोचून ते नऊ महिने काढले, आणि श्रावणात मुलगी झाली. ठणठणीत.

त्याच सुमारास मामा मामींना सारखे सांगायला लागले, की घरात जळमटं झालीत. मामींनी दोनदा सगळं घर झाडून काढलं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, “कुठं हाईत दाखवा.” मामांनी बोट दाखवलं आणि जळमटं बोटाबरोबर सरकली. ती घरात नव्हतीच. डाव्या डोळ्याच्या पडद्यातून रक्त झिरपत होतं. गावाच्या शुगरची चिंता वाहणाऱ्या या माणसाने स्वतःचे डोळे कधी तपासून घेतले नव्हते. “दिसत हुतं की झ्याक,” ते मला म्हणाले. “डोळा हाक मारत न्हाई, पावणं. हे लोकांना सांगा तुमी. मी सांगायचं इसरलो.” उजवाही सुटला नव्हता. दोन्ही डोळ्यांना लेसर झालं, सुया झाल्या. उजव्या डोळ्याला थोडं दिसतं. डाव्याला नुसता उजेड.

मागच्या रविवारी सकाळी गेलो तेव्हा मामा अंगणात खुर्चीवर बसले होते आणि मांडीवर नात होती. माझा आवाज ऐकून म्हणाले, “या पावणं. जरा बघून सांगा, हिचं नाक कसं हाय ओ?”

“तुमच्यासारखं.”

“खोटं. माझं नाक वखारीच्या दारागत हाय. नीट बघून सांगा.”

मग मी त्यांच्या शेजारी उकिडवा बसलो आणि नीट बघून सांगितलं. नाक अश्विनीचं, टोकाशी जरा वर वळलेलं. भुवया विरळ. हनुवटीला बारीक खळी. कानाच्या पाळ्या मात्र मामींच्या. मामा एकेक गोष्ट दोनदोनदा सांगायला लावत होते.

“आन् आता काय करालीया?”

“तुमच्याकडं बघालीय, मामा. एकटक.”

मामांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तोंड उन्हाकडे वळवून तसेच स्थिर बसून राहिले, तिला नीट दिसावं म्हणून.